पायडल सोडून सगळं

टेंभुर्णी,
७ जानेवारी २०२५

प्रिय झीनतखाला,
सप्रेम जय भीम.

तुमची आणि मकदूमचाचांची तब्येत बरी असेल. चाचांचा गुडघा थंडीत त्रास देत असणार. आम्ही इकडे ठीक आहोत. सुमितची बदली होता होता राहिली, त्यामुळे आमचा मुक्काम अजून टेंभुर्णीतच. सासूबाई बऱ्या आहेत. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आता मला ऐकूसुद्धा येत नाही, इतकी मी इथली झाले.

दोन वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण आधी एक सायकल जमवून द्या.

माझ्यासाठी नाही. माझी नणंद धम्मप्रिया, तिला शिकायची आहे. फ्रेम लेडीज हवी, मधला दांडा नसलेली, चढताना पाय फार उचलावा लागू नये. हँडल उंच, पाठ ताठ राहील असं. सीट रुंद आणि स्प्रिंगची. दोन पायांचं स्टँड, म्हणजे सायकल कलंडणार नाही. ब्रेक मात्र जुने नकोत. तिच्या पायाचं माप एकोणतीस इंच.

आपल्या सायकलवाल्या मंडळींचा नियम मी विसरलेले नाही. रविवारी सकाळी सोलापुरात सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यापाशी जमायचं, वस्तूला वस्तू द्यायची, आणि त्या वस्तूनं काय काय सोसलंय ते चिठ्ठीवर खरं खरं लिहायचं. म्हणून माझं वाकडं रेसिंगचं हँडल आणि चामड्याची अरुंद सीट एसटीच्या पार्सलनं पाठवते आहे. चिठ्ठी इथंच लिहिते. हँडल एकदा मोहोळजवळ माझ्यासकट पडलं, उजवीकडे ओरखडा आहे, वाक नाही. सीटला काहीही झालेलं नाही. बाकीची सायकल घरच्यांनी भंगारात दिली ते तुमच्या कानावर आलंच असेल. ही दोन मी पलंगाखाली दडवली होती.

ग्रुपवर टाकलं नाही. तिथं चाळीस जण चाळीस सल्ले देतील आणि त्यातल्या एकाचा तरी फोन घरी येईल. शिवाय तुम्ही पोस्टात नोकरी केलेल्या. फोनवर वाचलेलं विसरता, कागदावरचं विसरत नाही.

एक विचारायचं होतं. धम्मप्रियाला मधूनच भीती वाटते. रस्त्याची नव्हे, अशीच, बसल्या बसल्या. सायकलीवर बसलं की ती जाते का हो? मला आता आठवत नाही.

तुमची,
प्रतिक्षा


सोलापूर,
१६ जानेवारी २०२५

लाडक्या प्रतिक्षास,
खूप खूप दुआ.

मकदूम दारातूनच ओरडले, "झीनत, तेरी छोरी का खत आया देख!" आणि मी मळत असलेली कणीक हातात तशीच घेऊन धावले. पाकिटाला अजून पीठ चिकटलेलं आहे. तुझ्यावर रागवायची दोन वर्षं तयारी चालली होती माझी. काय काय बोलायचं ते पाठसुद्धा होतं. पत्र उघडलं आणि सगळं विसरले.

इकडे गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, रस्ते बंद, तरी रविवारी मंडळी जमलीच. तुझं हँडल बघून एकेकाच्या तोंडाला पाणी सुटलं. दुधनीचे महादेवप्पा जीपच्या टपावर एक लेडीज फ्रेम बांधून घेऊन आले होते. मी फ्रेमवरून हात फिरवते आहे असं दिसल्यावर म्हणाले, "तगोळ्री अक्का, घ्या की! पण ते वाकडं हँडल मला पायजे." मी त्यांना माझा डायनॅमो दिला. त्यांचं तोंड पडलं, पण माझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. तुझं हँडल आणि सीट गोधडीत गुंडाळून आमच्या माळ्यावर ठेवली आहेत. ती तुझीच आहेत. तुला पुन्हा लागतील.

आता धम्मप्रियाबद्दल. तुझ्या लग्नात ती माझ्या शेजारी जेवायला बसली होती. उभी राहिली की पोरगी माझ्या खांद्यालाही लागत नाही. तिच्या पायाचं माप एकोणतीस इंच असेल तर तिनं सायकलीचा नाद सोडून सर्कशीत जावं. एकोणतीस इंच पाय कुणाचा, ते मला चांगलं माहीत आहे. तुझी आई गेली त्या वर्षी तुला पहिली सायकल जमवून दिली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला उभी करून मीच मोजला होता.

आणि नणंदेसाठी कुणी स्वतःचं रेसिंगचं हँडल देतं का गं? जिला आता बरेच दिवस वाकायचं नाही तीच देते.

मी काही विचारत नाही. तूही सांगू नकोस. मागच्या वेळी तू आनंदानं सगळ्यांना आधीच सांगून बसलीस, आणि पाचव्या महिन्यात तेच सगळे तुला येऊन येऊन विचारत राहिले. ते पुन्हा तुझ्या वाट्याला यायला नको.

तेव्हा मी तुझ्याकडे आले होते, ते तुला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. तू आत झोपली होतीस. तुझ्या सासूबाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, चा घ्या, पन हितनं फुडं या घरात सायकलीचं नाव काढू नका." चहा चांगला होता. मी प्याले आणि परतीची एसटी धरली. त्यांचा मला राग नाही आला. घरातलं मूल गेलं की माणूस कुणावर तरी बोट ठेवतंच, आणि तुला सायकलीवर बसवणारी मीच ना!

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की त्याचा सायकलीशी काही संबंध नाही. मी त्यांचं मानते, तूही मान. पण खरं सांगू का? तेव्हा तू विचारलंस आणि मी "चालव की, काही होत नाही" म्हणाले. या वेळी तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. यात सायकलीचा दोष नाही. भीती वाटते ती मला.

म्हणून दोन दिवस विचार करून मी पार्सल बांधलं आहे. फ्रेम दुधनीच्या एका बाईंची, आयुष्यभर शाळेला नेली-आणलेली. सीटच्या खाली एका ठिकाणी वेल्डिंग आहे, पक्कं आहे. मागच्या चाकाला आउट होता तो मी स्वतः काढला, चाक आता सरळ फिरतं. हँडल उंच आहे, स्टँड दोन पायांचं आहे, ब्रेक नवेकोरे आहेत. सगळं आहे, पायडल सोडून. ते दोन्ही माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत आणि तिथंच राहणार आहेत.

चिडू नकोस. सायकल हातात धरून चालता येतं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच चाल. हँडलला धरलं की पाठीला आधार राहतो, दमलीस तर स्टँड लावून जरा टेक. पायडल मागायची वेळ येईल तेव्हा तू मागशील, आणि मला काही समजावून सांगावं लागणार नाही.

रविवारी कुणीतरी हँडलला अडकवायची वेताची छोटी सीट आणली होती. मी उचलली आणि परत जागेवर ठेवली. अशा वस्तू आधीपासून घरात आणत नाहीत, तुमच्यातही आणि आमच्यातही. फक्त त्या माणसाला म्हणाले, ही कुणाला देऊ नकोस.

भीतीचं विचारलंस. सायकलीवर बसलं म्हणून ती जात नाही, मागच्या कॅरिअरवर बसून बरोबर येते. पण चाक फिरत असलं की गप्प बसते.

जपून राहा गं बाळा. उत्तर नाही आलं तरी मला चालेल.

तुझी,
झीनतखाला


टेंभुर्णी,
१३ एप्रिल २०२५

प्रिय झीनतखाला,
सप्रेम जय भीम.

उन्हाळा असा पेटलाय की सायकलीच्या हँडलला दुपारी हात लावता येत नाही. उद्या जयंती, गल्लीभर निळ्या पताका लागल्यात आणि स्पीकरची चाचणी सकाळपासून चालू आहे.

तुमचं पार्सल आलं त्या दिवशी घरात जे झालं ते लिहायला मला आत्ता धीर आला. सुमितनं सायकल जोडली. सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. मग हळूच उठल्या, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "आगं, हिला पायडल कुटं हायेत? फशिवलं की तुला त्या बाईनं!" मी म्हटलं, फसवलं नाही, मुद्दाम पाठवले नाहीत. आणि तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या चहाची गोष्ट आली तेव्हा थांबणार होते, पण वाचलं. मग त्यांनी पदरानं सीट पुसली आणि म्हणाल्या, "तिला अक्कल हाय म्हनायची."

रोज संध्याकाळी मी सायकल घेऊन कॅनॉलपर्यंत जाते. अख्ख्या टेंभुर्णीला वाटतं माझी सायकल पंक्चर आहे. पंक्चरवाला तर पंप घेऊन रस्त्यात आडवा येतो. पहिले आठ दिवस मी एकटीच जायचे, मग सासूबाईही यायला लागल्या. त्यांना मी आता आईच म्हणते. कुणी विचारलं, "काय वो, पंक्चर का?" की माझ्याआधी त्याच सांगतात, "पंक्चर न्हाय, निवांत हाय."

फेब्रुवारीत एक दिवस होता. मागच्या वेळी ज्या आठवड्यात सगळं संपलं, तोच आठवडा. त्या दिवशी मी उठलेच नाही. संध्याकाळी आईंनी स्वतः सायकल अंगणातून बाहेर काढली आणि दारात उभ्या राहिल्या. जन्मात त्यांनी कधी सायकल धरली नव्हती. दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती, जशी काही म्हैस सुटून जाईल. म्हणाल्या, "चल. मी धरते. तू नुसती चाल." कॅनॉलवर जाऊन आलो. वाटेत आम्ही दोघीही रडलो आणि एकमेकींना दिसू दिलं नाही.

तो आठवडा गेला, खाला. त्याच्यानंतरचेही बरेच गेले.

धम्मप्रिया अजून सायकल शिकलेली नाही. तिला शिकायचीच नव्हती. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी माझ्या हातानं लिहावं असं वाटलं. आणि हेही लिहायचं होतं की दोन वर्षं मी तुमच्यावर रागावून गप्प नव्हते. तुम्हाला तोंड दाखवलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि ते थांबलं नसतं, एवढंच.

भीती अजून येते. कॅरिअरवर बसून.

तुमची,
प्रतिक्षा

ता. क. आईंना एक अडचण आहे. सायकल धरली की चेनचं काळं त्यांच्या लुगड्याला लागतं. काय करावं?


सोलापूर,
१९ एप्रिल २०२५

चांगुणाबाई यांस,
जय भीम आणि सलाम.

तुमची सून प्रतिक्षा हे तुम्हाला वाचून दाखवेल. चेन सायकलीच्या उजव्या अंगाला असते. आपण नेहमी डाव्या अंगानं चालावं, म्हणजे लुगडं खराब होत नाही. उतारावर दोन्ही ब्रेक हलके दाबावेत. लागलेला डाग खोबरेल तेल चोळून मग साबणानं धुवावा, जातो.

पायडलना दर रविवारी मी तेल घालते. मकदूम हसतात. हसू देत.

तुमच्या हातात सायकल आहे म्हणून मला इथं झोप लागते. दुसरं काही लिहीत नाही.

तुमची बहीण,
झीनत


टेंभुर्णी,
६ जुलै २०२५

प्रिय झीनतखाला,
जय भीम आणि सलाम, दोन्ही आमच्याकडून.

सामानाची मागणी कळवते.

तुमच्या शिवणाच्या डब्यातले दोन्ही पायडल हवेत. मला बसायला अजून अवकाश आहे, डॉक्टरीणबाईंनी दम दिलाय. पण आता ते या घरात असावेत.

हँडलला अडकवायची वेताची सीट त्या माणसाकडे अजून असेल तर तीही सांगून ठेवा. घाई नाही, जिच्यासाठी हवी तिला बसता यायला बरेच महिने आहेत. नणंदेसाठी नाही, एवढं आधीच सांगते. वजन पावणेतीन किलो. पायाचं माप घ्यायला दोनदा टेप काढला, पण ती पाय सारखे पोटाशी ओढून घेते. नियमाप्रमाणे चिठ्ठी: चोवीस जूनला पहाटे आली, कुठं ओरखडा नाही, वाक नाही, घंटीपेक्षा आवाज मोठा.

बदल्यात काय द्यावं हा प्रश्न होता. आईंना विचारलं. त्या तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ह्ये दिऊ की. घटकाभर, तिच्या मांडीवर."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आन् ल्ही तिला. पायडल पार्सलनं धाडू नगं म्हनावं. सोता घिऊन ये. मी चा ठिवते. सायकलीचं काय बोलायचं ती बोल म्हनावं, पोटभर."

हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं, मी नीट लिहिलंय ना ते बघायला.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आम्ही तिघी,
चांगुणा,
प्रतिक्षा,
आणि जिचं नाव तुम्ही आल्याशिवाय ठेवायचं नाही असं ठरलंय ती.