यजमान बसत नाही

९ नोव्हेंबर

आधी घरच्यांची विचारपूस. उजवा गुडघा कसा आहे? — फुगलाय, बोलत नाही. घोटा? — निळा होता, आता पिवळा. पिकतोय बहुतेक! कंबर? — कुरकुरते, पण ती लग्नाआधीपासूनचीच. डावा पाय? — ठणठणीत, फक्त दोघांचं काम एकट्यावर पडलं म्हणून धुसफुसतो. डोकं? — बायको, देसांका, म्हणते, तिथे पहिल्यापासून काही नव्हतं, मग इजा कशाला होईल!

सायकलवरून पडलो त्याला महिना होऊन गेला. पाडलं विटोमिरने, कोबीने भरलेल्या ट्रॉलीने. त्याचं म्हणणं, "ट्रॅक्टर नीट वळला रे, ट्रॉलीने ऐकलं नाही." विटोमिर माझा कूम — लग्नात माझ्या बाजूने साक्षीला उभा राहिलेला. कूम भावापेक्षा मोठा, त्याच्यावर रागवायची सोयच नाही. मी चिखलात पडल्यापडल्या उलट त्यालाच विचारलं, "कूमा, तुला नाही ना कुठे लागलं?"

१२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं. हाड शाबूत. आतली सूज मात्र रेंगाळणार. पाय उशीवर ठेवा, बर्फ लावा, थोडंथोडं चाला, फार वेळ उभं राहू नका.

"डिसेंबरात आमची स्लावा आहे. संत निकोला," मी म्हटलं.

बाईंनी मान डोलावली. त्यांच्याही घराण्याला संत असणारच, आणि वर्षातून एकदा त्याचा सण, म्हणजे स्लावा. स्लावाच्या दिवशी यजमान सकाळपासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत बसत नाही. संत घरात आलेला असताना बूड टेकायचं? बाबा तापाने फणफणलेले असताना उभे राहिले. आजोबा कुबडीवर.

१५ नोव्हेंबर

देसांकाने निदान केलं. गुडघा ट्रॉलीने नव्हे, वाऱ्याने सुजलाय! "समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्यास ना, म्हाताऱ्या? भोग आता!" तेव्हापासून घर डबाबंद. मी बर्फ काढला की ती किंचाळते.

तिचा उपाय — कोबीचं पान लाटण्याने चेचायचं, राकियात, म्हणजे घरच्या फळांच्या दारूत, बुडवायचं, गुडघ्यावर बांधायचं. कोबी विटोमिर पुरवतो. ज्या कोबीने पाडलं तोच आता कुरवाळतो! राकियाही तोच ओततो. "एक गुडघ्याला, एक मला, एक तुला. त्याला बिचाऱ्याला एकट्याने प्यायला बरं वाटत नाही."

दुखणं कमी होतं की आपण कमी होतो, कळत नाही.

२३ नोव्हेंबर

अंगणात डुलकी लागली. कोंबड्यांनी पट्टी खाल्ली. त्यातली एक संध्याकाळपर्यंत माझ्यासारखीच चालत होती.

२ डिसेंबर

उभं राहायचा सराव. बटाटे उकडेपर्यंत टिकलो. मग गुडघ्यात ठणका — कुणी आत बसून कुदळ मारतंय असा!

देसांका म्हणाली, "बसून कर की या वर्षी. संत काय मोजपट्टी घेऊन येतोय?"

तिला काय सांगायचं! गावात म्हणतात, एकदा बसलेला यजमान पुन्हा उठत नाही. मग स्लावाची मेणबत्ती, म्हणजे यजमानपणच, मुलाच्या, गोय्कोच्या हातात द्यायचं. पोरगा चांगला आहे, पण शहरात राहून त्याला वाटतं पाहुणे बोलवावे लागतात. स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं, येईल तो आपला! हे त्याला अजून पटलेलं नाही. आणि मी काय करू तोवर? कोपऱ्यात बसून मासा मऊ झालाय म्हणू?

नाही. उभाच राहणार.

१० डिसेंबर

विटोमिर युक्ती घेऊन आला. द्राक्षाच्या मांडवाचा जाड खांब, खाली फळी, वर माझ्याच मोडक्या सायकलची सीट! "लांब कोट घाल, कोटाखाली ही घोडी. तू बसलेला, जगाला दिसणार उभा!"

बसून पाहिलं. डोळे भरून आले. देसांका म्हणाली, "वा! आता कावळे यायचे नाहीत."

१९ डिसेंबर

झालं ते लिहितो.

पाद्रीबुवा येऊन गेले, पाव कापला, सगळं माझ्या घोडीवरून. जेलिसावेता आत्या म्हणाली, "ओब्राद, उंच झालायस की रे!" कौतुकाने छाती फुगली. आशीर्वादाला पेला वर धरला — "या घराला आरोग्य, आनंद..." — आणि सीट कलली. पेला वरच, मी खाली! हळूहळू! "समृद्धी" म्हणेपर्यंत टेबलाच्या कडेशी पोचलो होतो. विटोमिरच्या नातवंडांना वाटलं, यजमान वितळतोय.

देसांकाने बटाटे सोलायचं बुटकं स्टूल पायाने सरकवलं. मी त्यावर आपटलो. बसलो! पूर्ण, खरंखुरं, सगळ्यांदेखत!

आत्या कुजबुजली, "कोण गेलं?"

यजमान बसला की पाहुण्यांनी काय करायचं, हे कुणालाच माहीत नाही. पाळीच आली नव्हती कधी. एक उठला. दुसरा उठला. मग सगळेच! कोबीत गुंडाळलेला भात, तळलेला मासा — सगळं ताटल्या हातात घेऊन उभ्याने. आत्या भिंतीला टेकून. विटोमिर पाहुणा असून वाढत होता आणि मिशीत रडत होता, "माझ्या ट्रॉलीने केलं हे!" शेवटचा पाहुणा अंधार पडल्यावर गेला. मी शेवटपर्यंत चुलीजवळ, स्टुलावर, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर.

मेणबत्ती मात्र विझली नाही. संत निकोलाला बहुतेक चालतं.

२१ डिसेंबर

परवा खालून एक दिसलं, ते काल लिहवेना. देसांकाचे घोटे. चपलेच्या पट्ट्यावरून ओसंडलेले, पाव फुगायला ठेवतात तसे. माझ्या गुडघ्याहून मोठे. आणि तिला तर कुठल्या ट्रॉलीने ठोकलं नव्हतं. स्लावाला मी उभा असतो तेव्हा ती कुठे असते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आज कोबीची पानं मी चेचली, तिच्या घोट्यांसाठी. म्हटलं, "बस."

"चुलीवर सूप आहे."

"असू दे. बस."

बसली. पण कशी — खुर्चीच्या टोकाला, परक्या घरी बसतात तशी.