कडी आतून

मी, निवृत्त परिचारिका, वॉर्डात 'सिस्टर' आणि माघारी 'कडीवाली', हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वहस्ते लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डॉक्टरांचं ठिकाणावर असल्याचा दाखला मला कुणी दिला नाही.

१. गल्लीच्या टोकाचं दुमजली घर माझं स्वकष्टार्जित आहे. भावाला तिथे लॉज काढायचं आहे. मी नर्स व्हायला निघाले तेव्हा, परक्या पुरुषांना हात लावणारी बहीण नको, असं तो म्हणाला होता. पुढे त्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच हातांनी त्याला पुसून काढलं. तेव्हा तो काही बोलला नाही. तोंडात नळी होती. घरावर त्याचा कसलाही हक्क नाही. त्याला माझं बेडपॅन द्यावं. वय झालंय, उपयोगी पडेल.

२. वहिनीला वरची खिडकीची खोली, हवी तेव्हा. का, ते तिला ठाऊक आहे.

३. आमच्या नर्सेसच्या वसतिगृहाला संध्याकाळी बाहेरून कडी लागायची. म्हणे मुलींच्या काळजीपोटी. एकदा आत एक मुलगी भाजली आणि पहारेकरी जेवून येईपर्यंत आम्ही दार बडवत राहिलो. सकाळी मी ती कडी उखडली आणि आतून ठोकली. मुली पळून जातील, असं अधीक्षक म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आम्हाला जायचं नाहीये. ज्यांना आत यायचंय त्यांना अडवा की." त्यांनी मला बिनपगारी घरी बसवलं. मग सगळ्याच घरी बसल्या. साहेबांना स्वतः बेडपॅन उचलावं लागलं, तेव्हापासून कडी आतच आहे.

माझ्या घरातही प्रत्येक खोलीला कडी आतून आहे. घराबाहेर काढलेल्या बाईला इथे खाट मिळते. नवऱ्याची सही लागत नाही.

४. हे माझ्यामागे कोण चालवणार, या घोराने माझी झोप उडाली होती. माझ्या सत्कारांत भाषणं ठोकणाऱ्यांना विचारलं, तर सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले. शेवटी काल चिमणी 'हो' म्हणाली. ही आमच्या वॉर्डातली नर्स; एकेकाळी सुजलेला डोळा आणि कडेवर लेक घेऊन याच दारात आली होती. माझ्या पश्चात घर तिचं. तिचं कागदोपत्री नाव वकीलबाईंकडे आहे. तिची एकच अट होती.

"बाई, तुमच्याकडची घराची किल्ली आधी द्या."

"अगं, आत कुणाला काही झालं तर?"

"आत मी आहे ना. कडी आमची नि किल्ली तुमची, हे कसलं हो? तुम्हीपण बेल वाजवायची."

दिली. रात्री गाढ झोपले.

५. माझा फोटो लावू नये. त्या खिळ्याला दोरी बांधून बाळांची दुपटी वाळत घालावीत.

आज बाजारातून आले आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली. काल रात्री उशिरा आलेल्या मुलीने आतून दरडावून विचारलं, "कोण आहे? आधी चिमणीताईंना विचारते, मग उघडते." तिला मी माहीत नाही आणि तिला घाई नाही. फार बरं वाटलं. तोवर पायरीवर बसून हे पुरं केलं.

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही); निवृत्त पोस्टमन (सही)
ठिकाण: घराची बाहेरची पायरी
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच
लिहून ठेवणार: कडीवाली (सही)