ओगराळं कोणाच्या हाती

पासाऊ, २ मार्च १९८७

चि. हेडविगला काकूचे अनेक आशीर्वाद.

काल तुझा रुपर्ट जेवून गेला. नीटनेटका आहे, ताटात टाकत नाही. पण बँकेत काय करतोस विचारलं, तर म्हणाला, पैशाच्या निर्मितीचं बघतो. हेडविग, निर्मिती देवाने केली आणि सातव्या दिवशी तोही विसावला. हा म्हणे रविवारीही आकडे घेऊन बसतो. आईवेगळी तुला मी वाढवलं, पण देवाच्या कामात हात घालणाऱ्याशी तुझं लग्न लागताना मी चर्चमध्ये उभी राहणार नाही. २ मेला माझी वाट बघू नका.

तरीही तुझीच,
काकू वाल्बुर्गा

फ्रांकफुर्ट, ६ मार्च

ती. काकूस कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रुपर्ट जेवला नाही. अगं, आपल्या भाषेत देवाने सृष्टी केली तेही ‘शोप्फेन’ आणि तू पातेल्यातून सूप काढतेस तेही ‘शोप्फेन’. रुपर्टचं पैशाचं ‘शोप्फेन’ ओगराळ्यातलं आहे. नवा पैसा गल्लीतल्या बँका कर्ज देऊन काढतात. रुपर्टची बँक त्या सगळ्यांच्या वर. फार निघायला लागला की ती व्याज चढवते. कर्ज महागतं, ओगराळं आखडतं. फारच आटला की व्याज उतरवते. पैसा नुसता वाढतच गेला तर सुपात पाणी घालत राहावं तशी गत: ताटल्या भरलेल्या, पोट रिकामं. व्हिएन्नाचे आणि हॉलंडचे बँकवालेसुद्धा आमच्या पातेल्यात डोकावून मग आपलं ओगराळं उचलतात. रुपर्ट फक्त पातेल्यात किती आहे ते बघून वर कळवतो.

तू येणार नसशील तर मी लग्न करणार नाही. त्याला तसं सांगितलंय.

लोभाचा पुरवठा आखडू नये, ही विनंती.
तुझी हेडी

पासाऊ, ११ मार्च

चि. हेडविगला आशीर्वाद, रुपर्टला निम्मे.

असं आधी सांगायचं. माझ्या घरात ओगराळं मी कधी कोणाच्या हाती दिलंय का, विचार तुझ्या काकांना. हाताचा घट्ट माणूस नवरा म्हणून बराच. मात्र रविवारी त्याने स्वतः तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा व्याज कुठे गेलं होतं ते विचार.

एक अडचण झालीय. रागाच्या भरात मी पाद्रीबाबांना २ मेला सकाळची मिस्सा, खास प्रार्थना, पैसे भरून सांगून आले, देवाची बरोबरी करणाऱ्या एका बँकवाल्याच्या पश्चात्तापासाठी, ऑर्गनसकट. ते म्हणतात पैसे परत मिळत नाहीत, पण कारण बदलता येतं. तेव्हा तुमचं दुपारचं लग्न सकाळीच त्यात लावून घ्या. ऑर्गन दोनदा कशाला? मी पहिल्या बाकावर असेन. रुपर्टला म्हणावं, पश्चात्तापही त्यातच उरकून घे, वेगळे पैसे पडणार नाहीत.

येताना गरम कपडे आणा, सकाळी चर्च गार असतं.
काकू