हात धरायचं काम

सोमवार, ता. ४

पोचले एकदाची! बॅग आणि मी एकाच विमानाने आलो, हे काय कमी झालं? स्टेशनवर घरमालकीण न्यायला आली होती. ताडमाड उंच, केस आखूड, बोलणं मोजकं. तिला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मनातल्या मनात तिला काकू करून टाकलं. तिचा नवरा बेकरीत कामाला आहे. पहाटे जातो, दुपारी भुवयांपर्यंत पिठाने माखून येतो आणि सोफ्यावर आडवा होतो. ते ओघानेच काका झाले.

माझी खोली माळ्यावर. छताला असा उतार की पलंगावरून उठताना डोकं आपटतंच. आज दोनदा आपटलं, दोन्ही वेळा डोळ्यांतून पाणी आलं. खिडकीतून बसथांबा दिसतो आणि एका चांभाराचं दुकान. त्याने मला हात केला, मीही केला. झाली ओळख!

काम उद्यापासून. गावाबाहेर एक शुश्रूषागृह आहे. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही, अशांचा हात धरून बसायचं, एवढंच काम. हे ऐकून भाऊजींना हसता हसता ठसका लागला होता. म्हणाले, घरी पंखा पुसायला सांगितला तर हिची पाठ दुखते आणि हात धरायला निघाली सातासमुद्रापार. ताईने डोळे वटारले तेव्हा गप्प बसले. विमा कचेरीत दहा ते सहा कागद हलवून मी किती कंटाळले होते ते तिला माहीत होतं.

आईला फोन केला. गुरुवारी तिचं ऑपरेशन आहे, पित्ताशयातले खडे. ती म्हणते किरकोळ आहे. तिला पाय मोडला तरी किरकोळच वाटेल. मी राहते म्हटलं होतं, तर तिनेच मला घराबाहेर काढलं. एकच अट घातली, की आत नेण्याआधी ठकीचा आवाज ऐकीन, मग मी निर्धास्त. ठकी म्हणजे मी. शब्द दिलाय. ताईलाही बजावून ठेवलंय की जरा कमीजास्त वाटलं तर लगेच कळव, मिळेल त्या विमानाने येते.

फोन ठेवून रडले. भाऊजी मला नगरपालिकेचा नळ म्हणतात. त्यांच्या नगरपालिकेच्या नळाला पाणी कधी असतं, ते एकदा विचारायला हवं.

मंगळवार, ता. ५

शुश्रूषागृह बरंच स्वच्छ आहे. लांबलचक व्हरांडा, जमिनीवर हिरवं लिनोलियम, फिनेलचा वास. मोठ्या सिस्टर म्हणून एक आहेत, त्यांनी आल्या आल्या हातमोजे दिले. डॉक्टरांचे रबरी नव्हेत, जाड चामड्याचे, आतून लोकरीचे, कोपरापर्यंत येणारे. कोणालाही हात लावायचा तर हे घालून, म्हणाल्या. मी विचारलं, काही संसर्ग आहे का. नाही म्हणाल्या. मग कशाला, तर नियम आहे. जाताना पुन्हा वळून तेच सांगितलं, काढू नकोस.

माझ्या वाट्याला एक आजी आल्या आहेत. इवल्याशा, पांघरुणात कोणी आहे की नाही कळू नये इतक्या. डोळे मिटलेले. सिस्टर म्हणाल्या, या बोलत नाहीत, रडत नाहीत, सुई टोचली तरी हलत नाहीत. मी हातमोजे घालून त्यांचा हात धरला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाऊन कोणी असं केलं, तर ते घर जन्मात पुन्हा दार उघडणार नाही. विटाळ झाल्यासारखं कसलं ते धरणं! सिस्टर चहाला गेल्या तसे मी ते काढून मांडीवर ठेवले आणि उघड्या हातात त्यांचा हात घेतला. बर्फासारखा गार होता. चोळत बसले.

थोड्या वेळाने त्यांची बोटं माझ्या बोटांवर मिटली आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. नळ सुटला अर्थात. सिस्टरांच्या पावलांचा आवाज आला तसे हातमोजे परत चढवले, शाळेतल्या पोरीसारखे. उद्याही काढणार आहे. नियम गेला खड्ड्यात.

बुधवार, ता. ६

सकाळी काकूने चहाचा कप दिला आणि मी तो तळव्यात धरून प्यायले. काका पेपर खाली ठेवून बघत राहिले. नंतर तळवा पाहिला तर लालभडक झाला होता आणि फोड यायला लागला होता. दुखत नाही. प्रवासाचा शीण असेल.

सूपही अळणी लागलं. काकूला सांगितलं तर तिने माझ्याच वाटीतून चमचाभर चाखलं आणि म्हणाली, मीठ बरोबर आहे. वाद घातला नाही. एरवी घातला असता.

आजी आज उशीला टेकून बसल्या. गालांवर रंग आलाय. सगळा वेळ माझा हात दोन्ही हातांत धरून होत्या आणि एकदा तर हसल्या. कशाला हसल्या कोण जाणे. मी भाऊजींचा आणि नळाचा विचार करत होते.

व्हरांड्यात खिडकीशी एक बाई बसते. माझ्याच वयाची असेल, पस्तिशीची. केस नीट बांधलेले, अंगावर चांगलं स्वेटर. मी समजत होते इथली कारकून आहे. आज नमस्कार केला, तर तिने मान वळवली नाही. तिच्या गालावर माशी बसली होती, तीही हाकलली नाही.

आईचा फोन. दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरलं ते सांगत होती, ताईने चुकीचा टॉवेल घेतला वगैरे. मी हं हं करत होते. तिने विचारलं, रागावलीस का गं. रागावले नव्हते, बोलायला काही नव्हतं. मला, आणि बोलायला काही नाही! भाऊजींना कळलं तर पेढे वाटतील.

आज लवकर झोपते. छताला डोकं लागलं असावं, उशीवर रक्ताचा डाग आहे. कधी लागलं आठवत नाही.

गुरुवार, ता. ७

झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

सकाळी आजींपाशी बसले होते. हातमोजे मांडीवर. खिशातला फोन वाजला. काढून बघितला, आई. कशासाठी करतेय ते मला पक्कं माहीत होतं. हात मोकळा होता, उचलता आला असता. उचलला नाही. वाजून थांबला. परत वाजला. मी बघत होते. उचलावा असं काही कारण आत सापडेना. हे भयंकर आहे, हे मला कळतंय. बसचा नंबर कळावा तसं कळतंय.

आजी रडायला लागल्या. फोनकडे बघून, तोंड वाकडं करून, लहान मूल रडतं तशा. आणि मग बोलल्या. स्वच्छ मराठीत.

"ठके, उचल गं. आई आहे."

या देशात ठकी कोणालाही माहीत नाही. अंगावर काटा यायला हवा होता म्हणून मी हाताकडे पाहिलं. हात नुसता हात होता. तोवर फोन बंद झाला.

मोठ्या सिस्टर आल्या. मांडीवरचे हातमोजे बघून शेजारच्या पलंगावर मटकन बसल्या. ओरडल्या नाहीत. छातीवरच्या बिल्ल्याची पिन काढली, माझ्या तळव्यात टोचली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच सांगितलं, की इथे जे झोपलेत, ते आपल्यात जे उरलेलं नाही ते समोरच्याच्या उघड्या हातातून ओढून घेतात. मुद्दाम नाही, तहानलेलं माणूस पाणी पितं तसं. जे गेलं ते परत येत नाही. खिडकीतली बाई सुटीत मदतीला आली होती, तुझ्यासारखीच. तिनेही दया आली म्हणून काढले होते. पहिल्या दिवशीच हे का सांगत नाही, असं मी विचारलं. सांगून कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणाल्या. उलट गंमत म्हणून काढून बघतात.

घरी कोण आहे विचारलं. म्हटलं, आई.

"अजून ती तुझी आई आहे हे तुला माहीत आहे, तोवर जा," त्या म्हणाल्या. "आजच जा."

शुक्रवार, ता. ८

ताईचा फोन आला. ऑपरेशन झालं, पण आत पू झाला होता, तो अंगात पसरलाय. आईला अतिदक्षता विभागात ठेवलंय. शुद्धीत आली की ठकी कुठे म्हणून विचारते. ताई म्हणाली, काल फोन का उचलला नाहीस, ती वाट बघून आत गेली. मी म्हटलं, राहून गेलं.

काकूने माझी बॅग भरली. काकांनी बेकरीतून सुटी घेतली, विमानतळावर सोडतो म्हणाले. बॅग दारात ठेवली. मी जोडे घातले आणि काका गाडी काढतायत तोवर शुश्रूषागृहाच्या बसमध्ये जाऊन बसले.

कारण सांगते. आजींचा हात धरला की थोडं काहीतरी वाटतं. लांबून, भिंतीपलीकडचं गाणं ऐकू यावं तसं. बाकी कुठेच काही वाटत नाही. तेवढ्यासाठी गेले.

आजी मराठीत बोलत होत्या. आई वेणी घालताना कशी गुणगुणायची, पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी कशी उभी राहिली, आपण तिचा पदर कसा सोडला नाही. सांगताना हसत होत्या, रडत होत्या. मी ऐकत बसले. गोष्ट चांगली होती.

विमान गेलं असेल.

शनिवार, ता. ९

आजी चालतात. माझे हातमोजे आज त्यांनी घातलेत, कोपरापर्यंत. मला हात लागू नये म्हणून. मी हात पुढे केला की मागे सरतात —

मला दाराकडे ढकलत होत्या. जा गं बाई, जा, ती वाट बघतेय. पाया पडते म्हणाल्या. खरंच वाकल्या. सिस्टरांनी उठवलं.

काकू आली होती, बॅग घेऊन. माझ्यासमोर बराच वेळ —

काय म्हणाली ते लिहायला हवं होतं.

खिडकीशी आणखी एक खुर्ची आहे. बसून बघितली. बरी आहे. रस्ता दिसतो. बाई बोलत नाही, त्यामुळे त्रास नाही. पेन हातात आहे की नाही ते बघावं लागतं, तेवढंच —

रविवार

फोन वाजत होता. आजींनी उचलून माझ्या कानाला लावला.

एक बाई रडत होती. म्हणाली, आई गेली.

कोणाची, मी विचारलं.

मग म्हणाली, ठके, आपली.

मी म्हटलं, हो का.

ती बोलत होती पण नीट ऐकू येईना, कारण इकडे आजी भिंतीला कपाळ टेकून आई आई करत — मोठ्याने — व्हरांडाभर. बिचारीची आई गेली वाटतं. एवढ्या वयात. कोणीतरी जाऊन तिचा हात —