जमीलभाईंच्या नवाबाची जखम

तांबट आळी, नाशिक
१४ एप्रिल १९३५

तीर्थस्वरूप चिमाजीराव दाजी यांस मोतीरामाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. अलिबागेस आक्का व मुले मजेत असतील आणि आपला गुडघा आपणांस जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. (देत नसेल तर तेल चोळावे, नुसते कण्हून भागत नाही.)

दाजी, नवाब जगला! आधी हे लिहून टाकतो, म्हणजे मला धड श्वास घेता येईल. नवाब म्हणजे आमचे शेजारी जमीलभाई अत्तरवाले यांचा समुद्रातला मासा. बोटभर लांब, पिवळ्या अंगावर काळे पट्टे. जमीलभाई आणि हाजराभाभी हजला निघाले, तेव्हा त्याची काचेची पेटी माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "मोतीराम, ही अमानत आहे, जपा." एवढ्या वर्षांच्या शेजारात या माणसाने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितले. होळीला आपल्याकडून खाऱ्या पाण्याच्या चार बरण्या मागवल्या, त्या याच्यासाठीच.

आता माझा स्वभाव आपणांस ठाऊक आहे. नवाबाने उघड्यावर राहावे हे मला बघवेना, म्हणून मी त्याला तांब्याचा महाल ठोकून दिला. कमानी, कळस, सगळे. फक्त कमानींच्या कडा घासायच्या राहिल्या. (घाई नडली.) दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो डावा पर चिरलेला आणि कुशीवरचे खवले सोललेले! आमच्या सौ. लंकाबाईने हळदीचा लेप लावला. तो पाण्यात सुटला आणि जखम सोडून सगळी पेटी पिवळी झाली.

मग मी ठरवले, रोग्याला वेगळे ठेवायचे, स्वच्छ पाण्यात आणि उत्तम भांड्यात. उत्तम भांडे कोणते हे तांबटाला कोणी सांगावे? चिंचेने घासून लखलखीत केलेले कोरे घंगाळ काढले, त्यात बरणीतले खारे पाणी ओतले, नवाबाला सोडले आणि आळीतल्या चार जणांना बोलावून दाखवलेसुद्धा. दुपारपर्यंत पाण्यावर हिरवट झाक आली आणि नवाब आडवा पडला. मी वेड्यासारखा पंख्याने वारा घालत होतो. इतक्यात कल्हईवाला फारुख आला. त्याने आधी घंगाळात पाहिले, मग माझ्याकडे. "शेठ, बिनकल्हईच्या तांब्यात खारट ठेवू नका, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता ना?"

दाजी, जन्मभर सांगतो आहे! वडील सांगत, आजोबा सांगत. मला अक्षरशः रडू आले. (सकाळपासून मी हेच ओरडत होते, असे लंकाबाई म्हणते. ठोकाठोकीत मला ऐकू आले नसावे.) ती मात्र रडत बसली नाही. तिने कैरीचे लोणचे पातेल्यात उपडे केले, चिनी मातीची बरणी कढत पाण्याने सात वेळा धुतली, गार केली, आणि उरलेले समुद्राचे पाणी ओतून नवाबाला आत सोडले. तेव्हापासून आम्ही दोन्ही वेळा लोणचे खात आहोत.

आवाजाने तो दचकतो, म्हणून मी आठ दिवस हातोडी उचलली नाही. सुकटीचा चुरा चिमटीने भरवला. पाचव्या दिवशी कूस भरून आली, आणि काल चिरलेल्या पराला नवी पांढरी कड फुटली! मी असा ओरडलो की आळीतल्या सगळ्या हातोड्या थांबल्या.

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
मोतीराम

ता. क. समुद्राच्या पाण्याच्या सहा बरण्या लगोलग रवाना कराव्या. चिनी मातीच्याच.

ता. क. दुसरा. पुढच्या मंगळवारी जमीलभाईंची बोट मुंबईस लागते. दाजी, नवाब आता मला ओळखतो. पाण्याला बोट लावले की वर येतो. मला तो देववत नाही. तरी पाण्याबरोबर तिथल्या खडकातला अगदी असाच एक मासा धरून पाठवावा. पर मात्र धड आहेत ना, हे नीट पाहून घ्यावे. जमीलभाईंनी मला चिरलेला मासा दिला नव्हता. तसा परत केला तर ती बेइमानी होईल.