मल्लप्पाअण्णांची शेवटची बुर्जी

४ फेब्रुवारी १९३४

साप्ताहिकात माझा मजकूर आला. पाऊण स्तंभ, खाली नाव नाही. एक शब्दही बदललेला नाही. शाळेतून परस्पर मंडळात गेलो. चष्मा वर्गातल्या टेबलावरच राहिल्याचे जिना चढताना लक्षात आले. हजेरीवहीतली अक्षरेही लागेनात. परत फिरायचा कंटाळा केला.

आमच्या बुद्धिबळ मंडळाचे अध्यक्ष बापूराव वकील यांनी मजकूर आधीच सर्वांना ऐकवला होता. शेवटचे वाक्य दोनदा: ‘अण्णा कधी हरले नाहीत, कारण जिंकायला ते कधी बसलेच नाहीत.’ लोक हसून डोळे पुसत होते. वाक्य जमले आहे. असे स्वतःच लिहिताना लाज वाटते, पण जमले आहे.

तेवढ्यात अण्णाच आले. मल्लप्पाअण्णा, मंगळवार पेठेतले भुसार दुकानदार, साठीला आलेले. वीस वर्षांत सोलापुरात त्यांच्यावर कोणी मात केलेली नाही. डाव मात्र बहुतेक बरोबरीत सुटलेले. मूळचे दुधनीचे, त्यामुळे कानडी वाचतात, छापील मराठी लागत नाही. त्यांनी अंक माझ्यापुढे ठेवला. “मास्तर, तुमी वाचा. वकील लई हातवारे करत्यात.”

वाचला. सगळा. शेवटचे वाक्य गाळता आले असते. गाळले तर फसवणूक होईल असे त्या क्षणी वाटले.

अण्णांनी विचारले, लिहिणारा कोण. मी म्हटले, खाली नाव नाही. हे खरेच आहे.

११ फेब्रु.

वाक्य गावभर झाले. सौ.ला शेजारणीकडून कळले. “कुणा मेल्याला उद्योग नव्हता,” म्हणाली. मी भाकरी मोडत राहिलो.

अण्णांच्या दुकानात गिऱ्हाईक विचारते म्हणे, “अण्णा, ही तूरडाळ विकायची हाय, का नुसती राखायची?” नातवाच्या बारशाला दुधनीहून व्याही आले, त्यांनी तेच वाक्य पंगतीत कानडीतून म्हणून दाखवले. सून पदराआड हसली. अण्णा जेवता जेवता उठले. त्यांच्या शेजारच्या दुकानदाराने मला हे सगळे खुलवून सांगितले, मीही शेवटपर्यंत ऐकून घेतले. थांबवले का नाही?

मजकुरात खोटे काय आहे? पुन्हा तपासला. काही नाही.

१८ फेब्रु.

मंडळाची सभा. पुण्याचे परचुरे पुढच्या महिन्यात येणार. वय सव्वीस, खेळ तुटून पडण्याचा. वीस वर्षे बाहेरच्या पाहुण्याशी अण्णाच बसत आले. अध्यक्ष बा.रा. म्हणाले, यंदा दुसरा कोणी बसवू, लोकांना जांभया देण्यासाठी बोलवायचे का?

अण्णा उठले. मला चिटणीस म्हणून वहीत लिहायला लावले, शब्द त्यांचेच: “एकच डाव. बरोबरी झाली तर माझी हार धरा. मंग मी पुन्यांदा पटाला हात लावनार न्हाय.” वहीवर कानडीत सही केली.

परचुऱ्यांच्या पत्रात एक सूचना होती: विलायती नियमांनी खेळू. त्यात बुर्जी नाही. समोरच्याकडे नुसता राजा उरला तरी डाव चालू राहतो, मात करता येते. आपल्याकडे शेवटचे मोहरे मारले की बुर्जी, डाव बरोबरीत. म्हणून जिंकणाऱ्याला शत्रूचे एक तरी प्यादे जिवंत ठेवून मात करावी लागते. अण्णांनी मान हलवली. “जल्मभर ज्या नियमानं खेळलो त्येनंच. नवं कशाला?”

पंच म्हणून माझे नाव ठरले. बा.रा.: “मास्तरांइतका खरा माणूस दुसरा कोण?” कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

२५ फेब्रु.

अण्णांनी दुपारी दुकानात सरावाला बोलावले. पोत्यांच्या मागे कापडी पट. तीन डाव खेळलो. तिन्हींत माझे हाल केले आणि तिन्हींत शेवटचे प्यादे मारून बुर्जी करून ठेवली. नियम त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक आहे. पण शत्रूचे काहीही पटावर उरले की त्यांचा हात स्वस्थ राहत नाही. खोड आहे. वीस वर्षांच्या बरोबऱ्या बहुधा अशाच झालेल्या.

जिभेवर आले होते: अण्णा, शेवटचे प्यादे राखा. बोललो नाही. पंचाने एका बाजूला शिकवावे का?

घरी येताना हाच प्रश्न पुन्हा विचारला. मग दुसरा: पंच झालो नसतो तर सांगितले असते का? उत्तर लिहिण्याइतकी खात्री नाही. अण्णा जिंकले तर माझे वाक्य खोटे ठरते, एवढे मात्र लिहून ठेवतो.

४ मार्च

पुन्हा दोन डाव. पुन्हा तेच. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी त्यांनी पुढे केली. मी खाल्ली. अण्णा म्हणाले, “मास्तर, माझं काय चुकतंय ते सांगा की. तुमी शिकल्यालं.” मी म्हटले, पंचाला बोलता येत नाही. ते ओशाळले. माझी माफी मागितली.

११ मार्च

सामना. सभागृह भरलेले, खिडक्यांतही माणसे. पहिले दोन तास परचुरे चढाई करत होते, अण्णा दारे लावून बसल्यासारखे. मागून कोणी घोरल्याचा आवाज काढला. हशा. मी पंच, मी शांतता राखायला हवी होती. राखली, हशा संपल्यावर.

तिसऱ्या तासाला परचुऱ्यांची मोहरी एकेक करून गळू लागली. पुढे काय होणार ते कळले तसा हशा थांबला. अण्णांकडे हत्ती आणि घोडा. परचुऱ्यांकडे राजा आणि एक प्यादे, वजीर होण्याच्या घरापासून दोन घरांवर. मागे कोणी पुटपुटले, तीन खेळ्यांत मात. मलाही तेच दिसले. बा.रा. हार हातात घेऊन उभेच राहिले.

अण्णांनी खूप वेळ घेतला. हत्तीवर हात ठेवला, उचलला. मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले.

त्यांनी प्यादे मारले.

सभागृहात इतके हसलेले मी कधी ऐकलेले नाही. परचुरे घाम पुसत म्हणाले, “अण्णा, माझ्यापाशी काहीतरी राहू द्यायचं होतं.” बा.रा.नी हार परचुऱ्यांच्या गळ्यात घातला आणि वरच्या पट्टीत माझे वाक्य म्हटले. लोकांना पाठ होते. शेवटचे तीन-चार शब्द सगळ्यांनी मिळून म्हटले.

अण्णा फक्त माझ्याशी बोलले. “पंच, बुर्जी झाली न्हवं?”

“झाली.”

“मंग हार लिवा.”

लिहिली. अक्षर नेहमीसारखेच आले. ते बाहेर पडले तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता.

१३ मार्च

आज सुट्टी. सकाळी सामन्याच्या खेळ्यांचे टिपण घेऊन शेवटची मांडणी पटावर लावली. अण्णांनी कुठे घालवले, त्यावर दुसरा मजकूर लिहायचा होता. होय, त्यासाठीच.

प्यादे जिवंत ठेवून खेळलो. दुसऱ्या खेळीला परचुऱ्यांचा राजा कोपऱ्यात न नेता उंटाच्या घरात सरकवला. घोडा एक खेळी उशिरा पोचतो. प्याद्याचा वजीर होतो, तोही शह देत. हत्तीने अडवावे तर हत्ती जातो. नऊ वेळा मांडले, वेगवेगळे. प्रत्येक वेळी अण्णा हरतात.

ती मात नव्हतीच. पटावर न हरण्याची एकच खेळी होती आणि ती अण्णांनी केली. सभागृहात ती एकट्या त्यांनाच दिसली.

पहिल्या मजकुरात बरोबऱ्या लिहिल्या होत्या, त्यांतला एकही डाव मी कधी मांडून पाहिला नव्हता. फक्त निकाल मोजले होते.

१६ मार्च

अण्णांची खेळी बरोबर होती, असा कच्चा मजकूर घेऊन संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, हा छापीन, पण खाली तुमचे नाव हवे. लोक अण्णांवर हसताहेत, निनावी बाजू घेतली तर त्यावरही हसतील. आणि पहिला मजकूर कोणाचा हेही त्याच अंकात सांगा. मी म्हटले, विचार करतो. शाळेत हेडमास्तरांची जागा एप्रिलमध्ये भरायची आहे. बा.रा. कमिटीवर आहेत.

१८ मार्च

अण्णांच्या दुकानात गेलो. पट नव्हता. त्या कापडात मिरच्या बांधून ठेवलेल्या. नऊ वेळा मांडल्याचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. “ठाव हाय,” म्हणाले. “दोन घरांवरचं प्यादं सोडतंय का कोन.”

मग तेव्हाच का नाही बोललात? “कुनाला सांगू? हसायला आल्यालं सगळं.”

मी म्हटले, पेपरात लिहितो. त्यांनी तराजू खाली ठेवला.

“मास्तर, त्या दिशी तुमी मला वाचून दावलं, तवा तुमच्या डोळ्यावर चष्मा न्हवता.”

गिऱ्हाईक आले, त्यांनी पावशेर मूग तोलला, पुडी बांधून दिली, मग परत माझ्याकडे वळले.

“येक शबूद अडला न्हाय तुमचा. घरी जाऊन इचार केला, कसं काय वाचलं आसंल.”

लिहिणारा मीच, हे त्यांना त्या दिवसापासून ठाऊक होते. ठाऊक असून सरावाला बोलावले, जेवू घातले, पंच म्हणून बसू दिले. चूक काय ते सांगा, असे विचारले, तेव्हाही ठाऊक होते.

मी विचारले, मग मला पंच का होऊ दिलेत?

“लिवनारा डोळ्यानं बघंल तर त्येचं मत फिरंल म्हनलं.” एवढे बोलून पोत्यावरची धूळ झटकू लागले.

१९ मार्च

मजकूर स्वच्छ उतरवून काढला. खेळ्या सगळ्या दिल्या आहेत. पहिला मजकूर माझा, हे वाक्यही घातले. मग खोडले. मग पुन्हा घातले. सौ.ने विचारले, इतका वेळ काय लिहिताय? शाळेचे, म्हणालो.

संपादकांचा माणूस उद्या सकाळी येणार. पाकीट तयार आहे. खाली सहीपुरती जागा सोडली आहे.