चाळीस खोल्यांचे पडदे आणि मी गिऱ्हाईक

माझ्या लाडक्या धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुणे औषधं वेळेवर घेतात ना? आणि त्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन अजून तुझ्या डोळ्यांवर येतं का गं? (येतच असणार. मेलं ते कुणाचं ऐकतंय!)

इकडे मोठी मौज झाली. आमच्या नातीने नोकरी सोडून पडदे शिवायचा धंदा काढलाय, हे तुला ठाऊकच आहे. परवा एक हॉटेलवाले नमुने बघायला घरी येणार होते. चाळीस खोल्या! काम मिळालं तर ठीक, नाहीतर पोरगी पुन्हा त्या खडूस साहेबाच्या हाताखाली. म्हणून तिने आठवडाभर बोलण्याची तालीम मांडली. बोलणार ती, गिऱ्हाईक मी. (घरात रिकामी मीच.) मी चौथी नापास, पण नाक मुरडायला शाळा कशाला लागते? मी आपली म्हणायची, "महाग आहे बाई." ती कपाळाला हात लावून, "आजी, अजून भाव सांगितलाच नाहीये!" शेवटी वैतागून म्हणाली, उद्याच्या शेवटच्या तालमीला तुझ्या जागी मैत्रिणीच्या काकांनाच बसवते.

झालं. परवा ती शिंप्याकडे नमुने आणायला गेली आणि एक गृहस्थ दारात हजर. "पडद्यांसाठी आलोय," म्हणाले. मी ओळखलं, हेच ते काका! खुर्चीत बसवलं आणि लागले शिकवायला. अहो, हॉटेलवाला असा गरीब गाईसारखा बसतो होय? जांभई द्या. भाव ऐकलात की "अरे बापरे" म्हणा. आणि धुतल्यावर कापड आटतं का, हे विचाराच, तिथे ती हमखास अडखळते. (बिचारे वहीत लिहून घेत होते.)

नात आली ती दारातच पांढरीफटक. मी खूण केली, करा सुरू. त्यांनी जांभई दिली, "अरे बापरे" म्हणाले आणि आटण्याचं विचारलं. पोरगी पाठ केलेलं सगळं विसरली. म्हणाली, "खरं सांगते, बोटभर आटतं. म्हणून आम्ही आधी धुतो, मगच शिवतो." गृहस्थ खो खो हसले आणि चाळीसही खोल्यांचं काम देऊन गेले! हे काका नव्हेत, खुद्द हॉटेलवालेच, ते मला तेव्हा कळलं. जाताना मला म्हणतात, "आजी, चादरीवाले येतील तेव्हा माझ्या बाजूने बसाल का?"

तुझीच,
थोरली

ता. क. नात म्हणते, धंद्याचं एकदम काढायचं नाही. आधी विचारपूस करायची, माणसाला कुठे त्रास होतोय ते बघायचं, एखादी गोष्ट सांगायची आणि कामाचं अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं.

आणखी एक ता. क. सहज आठवलं. तुझी ती पश्चिमेची खिडकी किती हात रुंद आहे गं? आणि महाग म्हणू नकोस, अजून भाव सांगितलेला नाही.